तुझी वाटी आधी काढ

सोलापूर,
आषाढ शुद्ध पंचमी

प्रिय नलू,

परवा तुला मधुमेह निघाल्याचं सांगताना तू फोनवर रडलीस आणि मला एक शब्द सुचला नाही. कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, नातू पदर ओढत होता. तुला नीट काही सांगायचं राहिलं ते राहिलंच. म्हणून आज दुपारी दार लोटून लिहायला बसले आहे. पत्र लांबणार आहे, सवडीने वाच.

"भात सोडला, गोड सोडलं, पुढच्या वर्षीपासून आंबाही बंद. आता दोन कोरड्या भाकऱ्या आणि कारल्याचा रस," असं तू म्हणालीस. तुझा रिपोर्ट मी कागदावर उतरवून घेतला होता, तो समोर आहे: रक्तातली साखर उपाशीपोटी १६८, जेवणानंतर २७४, तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी, ती टक्क्यांत असते) ८.९. आकडे वाढलेले आहेत, हे खरं. पण नलू, ९ वर्षांपूर्वी माझी सरासरी ९.४ होती. आज ती ६.८ आहे आणि मी भात खाते. रोज, मोजून, पण खाते.

तुझा पहिला प्रश्न होता, "मी एवढी काटकुळी, मला कशी झाली गं?" मीही डॉक्टरांना हेच विचारलं होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर याच प्रश्नावर काम केलं. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांनी स्वतःचाच फोटो छापून एक लेख लिहिला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एक, २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वरून बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसांत स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटाच्या आत. तेव्हा तू कुठे चुकलीस, कोणतं पाप केलंस, हा विचार आजपासून सोड. सासूबाई "लाडू खाल्लेस म्हणून" म्हणत असतील तर त्यांनाही हे शांतपणे सांग.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते.

सुरुवातीला डॉक्टरांनी मला आहाराचा कागद दिला. नाश्ता, दुपार, संध्याकाळ, सगळं छापील. मी तो फ्रिजवर चिकटवला, चार महिने मन लावून पाळला, तरी आकडा ९ च्या खाली येईना. एके दिवशी दुपारी अडीचला सगळ्यांचं उरकून जेवायला बसले आणि सहज ताटाकडे बघितलं. मटकीच्या उसळीचा तळाचा रस्सा. भाजी संपलेली. कोशिंबिरीच्या वाटीत नुसतं पाणी. आणि भात मात्र भरपूर, सकाळच्या दोन पोळ्याही होत्या. वाया नको जायला म्हणून मी तो सगळा भात रश्शात कालवून खाल्ला. जेवण आदल्या दिवशीही तेच होतं आणि त्याच्या आदल्या दिवशीही तेच. कागदावर "उसळ १ वाटी, कोशिंबीर १ वाटी" होतं. घरात ते शिजतही होतं, मीच शिजवत होते. पण माझ्या ताटात येईपर्यंत उरत नव्हतं.

नलू, तुझ्याकडेही हेच असणार. मी तुझ्या घरी आठ दिवस राहिले आहे, मला माहीत आहे. भाऊजी, मुलं, सासूबाई जेवून उठल्यावर तू पाटावर बसतेस. बांगड्याचा तुकडा तुझ्या वाट्याला आला तर आला, नाहीतर नुसतं कालवण. कुळथाचं पिठलं भांड्याला खरवडून निघेल तेवढं. आणि मोठ्या तपेल्यातला भात मात्र कधी संपत नाही. शेवटी बसणारीच्या ताटात साखर वाढवणारंच तेवढं शिल्लक राहतं, आणि साखर अडवणारं सगळं आधीच्या पंगतीत संपतं.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात मोठं सांगणं हे आहे: गॅस बंद केलास की पहिल्यांदा तुझी वाटी काढ. उसळ, भाजी, मासळी, कोशिंबीर, जे असेल त्याची एक-एक वाटी झाकून बाजूला ठेव, मगच बाकीच्यांना वाढायला घे. पहिले आठ दिवस मला चोरी केल्यासारखं वाटलं. सून एकदा म्हणाली, "आई, कुणासाठी ठेवलंय हे?" मी म्हटलं, "माझ्यासाठी." हे दोन शब्द म्हणताना जीभ अडखळली होती. आता तीच माझी वाटी काढून ठेवते. आणि शक्य असेल तर सगळ्यांबरोबर बस गं. उशिरा, भुकेने कासावीस होऊन जेवलं की हात भाताकडेच जातो.

दुसरं, ताटातला क्रम. आपल्याकडे वरण-भात-तुपाने सुरुवात करायची रीत. मी ती उलटी केली. आधी कोशिंबीर आणि उसळ निम्मी खायची, मग भाकरी, आणि भात शेवटी, एक मूद. भाजी, डाळ, मासळी आधी पोटात गेली की मागून आलेला भात हळूहळू पचतो, साखर एकदम उसळत नाही. जिन्नस तेच, स्वयंपाक तोच, पण माझ्या साखर मोजायच्या मशीनवर दोन तासांनंतर ३०-४० चा फरक दिसतो. तुमच्या कोकणातला उकडा तांदूळ घेतलास तर आणखी बरं, तो पांढऱ्या तांदळापेक्षा सावकाश चढतो. सकाळची मऊ पेज मात्र सध्या थांबव. जितकं जास्त शिजवलेलं आणि पातळ, तितकी साखर लवकर रक्तात येते. रिकाम्या पोटी पेज म्हणजे फारच लवकर.

कोरड्या भाकरीबद्दलही बोलायला हवं. मी सोलापूरची, ज्वारीवर माझा जीव आहे, पण भाकरी म्हणजे औषध नव्हे. ज्वारी, गहू, तांदूळ, कशाचंही १०० ग्रॅम घे, त्यात पिष्ट पदार्थ ६५ ते ७८ ग्रॅमच्या आसपास असतात. भाकरीत चोथा जास्त, चावायला वेळ लागतो, पोट भरतं, हे तिचे गुण. पण थापून केलेल्या दोन मोठ्या भाकऱ्या नुसत्या चटणीबरोबर खाल्ल्यास तर आकडा चढणारच. एक भाकरी आणि दोन वाट्या उसळ, असं गणित ठेव. नाचणीचंही तेच. लोक सांगतात म्हणून तू सकाळी नाचणीची आंबील घेतेस, पण बारीक पीठ, त्यात पाणी, त्यात शिजवलेलं, ते पेजेसारखंच धावतं. नाचणीची भाकरी कर, सोबत बांगडा घे.

आणि तुझ्या हाताशी कुळीथ आहे! १०० ग्रॅम कुळथात २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. मला इथे चांगलं कुळथाचं पीठ मिळत नाही. तू रोज पिठलं कर, मोड आणून उसळ कर.

चहाचं थोडक्यात सांगते. दिवसाचे चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे ३० ग्रॅमच्या वर साखर नुसत्या चहातून. गुळाचा केलास तरी फरक पडत नाही, गूळही साखरच. मी महिन्याला अर्धा चमचा असं कमी करत गेले, आता बिनसाखरेचा आवडतो. कारल्याचा रस हवा तर पी, पण त्याच्या भरवशावर गोळी सोडू नकोस.

आता हे नीट वाच, कारण एकादशी सहा दिवसांवर आहे आणि तू "उपास धरणारच" म्हणालीस.

मला साखर होऊन दुसरं वर्ष होतं. आषाढीचा दिवस. सकाळी नेहमीप्रमाणे गोळी घेतली, त्यात मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड होतं. पूजा, नैवेद्य, येणारे-जाणारे यांत साडेबारापर्यंत पोटात नुसता चहा. ओट्याशी दाण्याचं कूट करत असताना हात थरथरायला लागले, घामाने पाठ भिजली, डोळ्यांपुढे सगळं पिवळं. जाऊबाई म्हणाल्या, "उपासाने होतं तसं, पड जरा." बरं झालं, ह्यांनी मशीन आणलं. साखर ५४. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायले, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, तेव्हा ८१ आली. मग घाबरून संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी पोटभर खाल्ली, वर रताळ्याचा कीस. दोन तासांनी २८६. एका दिवसात ५४ आणि २८६. दुप्पट खाशी म्हणतात ते मी त्या दिवशी अंगावर घेतलं.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. ती गोळी घेऊन उपाशी राहणं धोक्याचं. आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट, १०० ग्रॅममध्ये ८७ ग्रॅम, प्रथिनं नावालाच. तेव्हा नलू, एकादशीच्या आधी डॉक्टरांकडे जा, चिठ्ठी दाखव, "उपास केला तर कोणती गोळी घेऊ, किती घेऊ" हे स्पष्ट विचार. स्वतःच्या मनाने गोळी बंदही करू नकोस. भात कमी केल्यावर साखर उतरते, तेव्हा डोस बदलावा लागू शकतो, हेही विचार. धरलासच उपास, तर ताक, दाणे, काकडीची कोशिंबीर, दूध, थोडी वरी असं दिवसभर थोडं-थोडं घे. आणि ७० च्या खाली गेली तर साखर-पाणीच घ्यायचं. पेढा नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात यायला उशीर लागतो. विठ्ठलाला तुझ्या उपासापेक्षा तू धडधाकट हवी आहेस, हे मी अगदी मनापासून सांगते.

आंब्याचं विसरलेच. हापूस सोडायचा नाही. दोन फोडी, शंभरेक ग्रॅम, त्यात १५ ग्रॅमच्या आसपास साखर, एका लहान फुलक्याएवढी. त्या दिवशी एक फुलका कमी खा. फक्त आमरस वाटीवाटीने नको, आणि भरल्या जेवणावर नको.

जेवल्यावर पंधरा मिनिटं चाल. पाऊस असला तर पडवीत येरझाऱ्या घाल. चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, मी मोजून बघितलं आहे. मेटफॉर्मिन चालू आहे म्हणून वर्षातून एकदा बी-बारा जीवनसत्त्व तपास, आणि डोळ्यांचा पडदा दाखवून ये, दिसायला काही त्रास नसला तरी.

मंदारबरोबर मशीन आणि पट्ट्यांच्या दोन डब्या पाठवल्या आहेत. रोज टोचायची गरज नाही. आठवड्यातून दोन दिवस, एखाद्या जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी. वहीत आकड्यापुढे काय खाल्लं ते लिही. घावणे खाल्लेस, घावणे लिही. लपवू नकोस, वही फक्त तू, मी आणि डॉक्टर बघणार आहोत. डबीचं झाकण लगेच घट्ट लाव, तुमच्याकडच्या दमट हवेत पट्ट्या खराब होतात आणि आकडा चुकतो. फ्रिजमध्येही ठेवू नकोस.

द्वादशीला फोन करते. डॉक्टर गोळीबद्दल काय म्हणाले ते मला आधी सांगायचं, बाकीच्या गप्पा नंतर. आणि मंदार परत येताना त्याच्याबरोबर किलोभर कुळथाचं पीठ पाठव, जात्यावरचं असेल तर फारच छान.

तुझीच,
वसू