पांढऱ्या कोटाबद्दल, काकू

प्रिय काकू,

हे पत्र मराठीत आहे, तेव्हा तुम्हाला ते वाचता येणार नाही. इंग्रजीत लिहायला तीनदा बसले, तिन्ही वेळा ते रजेच्या अर्जासारखं उतरलं. शेवटी म्हटलं, जाऊ दे. माझी लेक वाचून सांगेल तुम्हाला, तिच्या त्या अस्सल आयरिश, किल्डेअर काउंटीच्या हेलात. दरम्यान इथल्या आपल्या मराठी बायकांनी वाचलं तर बरंच, कारण त्यांतल्या काही जणी आजही मैदानाबाहेर गाडीच्या काचा वर करून बसलेल्या असतील.

लेकीच्या खेळाच्या क्लबात तुम्हाला सगळे नुसत्या नावाने हाक मारतात, सहा वर्षांची पोरंसुद्धा. माझी जीभ रेटत नाही. मी मिरजेत वाढले. पंच्याहत्तरीच्या बाईला तशी हाक मारली असती तर आईने पाठीत धपाटा घातला असता. म्हणून मनातल्या मनात तुम्ही काकूच. नाव इथे लिहीत नाही, लिहिलेलं तुम्हाला आवडायचं नाही.

यंदाचा, म्हणजे 2025 चा, उन्हाळा किती मजेत सुरू झाला होता! मे महिन्यात कमोगीच्या, म्हणजे इथल्या काठी-चेंडूच्या खेळाच्या, मुलींना स्कर्टवजा स्कॉर्टऐवजी शॉर्ट्स घालून खेळायची मुभा मिळाली. 1904 साली कमोगीची संघटना स्थापन झाली, तिथपासून मोजून तुम्ही म्हणालात, "एकशेएकवीस वर्षं लागली, पण गुडघे मोकळे झाले." मग किल्डेअरने जूनमध्ये हर्लिंगचा, म्हणजे पुरुषांच्या त्याच खेळाचा, जो मॅकडोना कप जिंकला, जुलैत गेलिक फुटबॉलचा टॅल्चन कप. एवढं जिंकायची किल्डेअरला सवय नाही. दिवाळी सरली तरी आकाशकंदील उतरवायला मन होत नाही ना, तसे गावभर किल्डेअरचे पांढरे झेंडे लटकत होते. 20 जुलैला हर्लिंगची ऑल-आयर्लंड फायनल. मध्यंतराला कॉर्क 6 गुणांनी पुढे, आणि अख्ख्या उत्तरार्धात त्यांना मिळाले 2 गुण. टिपररीने कप नेला. लेक टीव्हीसमोर तोंड उघडं टाकून बसली होती.

आदल्याच संध्याकाळी डब्लिनच्या टॅलामध्ये एका भारतीय माणसाला रस्त्यात घेरून मारलं होतं. आम्हाला ते एक-दोन दिवसांनी कळलं. मग तशाच बातम्या, एकामागून एक. 1 ऑगस्टला भारतीय दूतावासाची सूचना आली की अवेळी, निर्जन भागात जाणं टाळा. आता आपलं मैदान कुठे, तर गावाच्या टोकाला, कुंपणापलीकडे मेंढ्या. आणि माझी रात्रपाळी सुटते सकाळी आठला. अवेळही माझीच आणि निर्जन भागही माझाच, टाळायचं काय?

त्या आठवड्यांत मला किती जणांनी धीर दिला, सांगू? जिथे नोकरी करते तिथून ईमेल आला, आम्ही सर्व सहकाऱ्यांच्या पाठीशी आहोत म्हणून. त्याच आठवड्यात मला एकटीने बसथांब्यावर जायला लागू नये म्हणून पाळी अर्धा तास सरकवून मागितली, तर "सध्या शक्य नाही." आपली माणसंही मागे नव्हती. एका ग्रुपवर सल्ला आला, बाहेर मोठ्याने मराठी बोलू नका. दुसऱ्यावर, पोरींना खेळायला पाठवायची एवढी काय हौस. तुमच्या क्लबनेही सगळ्या रंगांच्या हातांचं एक पोस्टर टाकलं होतं. रागावू नका काकू, पण मला त्याचं काहीच वाटलं नाही. असं पोस्टर आधीच्या गावातल्या क्लबच्या दारावरही होतं.

त्या क्लबचं तुम्हाला कधी सांगितलं नाही. लेक तेव्हा आठ वर्षांची. बारा वर्षांखालच्या खेळांत प्रत्येक मुलाला खेळवायचंच, जिंकण्या-हरण्याला महत्त्व नाही, हा संघटनेचाच दंडक. तिथले प्रशिक्षक मात्र तिला खेळवायचं "विसरायचे". सामन्यांच्या वेळा एका ग्रुपवर यायच्या आणि त्या ग्रुपात मी नव्हते. दोनदा सांगून झालं, "टाकतो, टाकतो." एका रविवारी आम्ही दोघी पावसात बंद फाटकासमोर उभ्या. तिने हेल्मेटसुद्धा घरूनच घातलेलं. तासाभराने एक गृहस्थ कुत्रं फिरवत आले, म्हणाले, सामना तर काल झाला. दुसऱ्या दिवशी विचारलं तर उत्तर मिळालं, "ग्रुपवर टाकलं होतं की." मारहाण नाही, शिवी नाही, तक्रार करावी असं काहीच नाही. पण लेकीने हर्ली, म्हणजे खेळायची काठी, जिन्याखाली टाकली ती दीड वर्ष.

त्यामुळे ऑगस्टनंतर मी पुन्हा गाडीत बसायला लागले, तेव्हा त्यात नुसती भीती नव्हती, जुनी सवयही होती. लेकीला फाटकाशी उतरवायचं, गाडी तोंड रस्त्याकडे करून लावायची, काचा वर, आणि आरशातून सामना बघायचा. आरशात सगळं उलटं दिसतं. पाच-सहा रविवार मी डावखुऱ्या मुलींची कमोगी पाहिली.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडंसं. कमोगी म्हणजे मुलींचं हर्लिंग. हातात ॲशच्या लाकडाची हर्ली, डोक्याला जाळीचं हेल्मेट, दोन्हीकडे पंधरा-पंधरा जणी. गोलखांब इंग्रजी एच अक्षरासारखे. चेंडू आडव्या दांडीखालून गेला तर गोल, म्हणजे 3 गुण, वरून गेला तर 1. गोलला हिरवा झेंडा, गुणाला पांढरा. झेंडे दाखवायला दोन्ही टोकांना खांबांपाशी अंपायर उभे असतात, पांढरे लांब कोट घालून, आपल्याकडच्या कंपाउंडरसारखे. पोरांच्या सामन्यांत हे अंपायर कुठून पगारी येत नाहीत. कुणाचे तरी आईबाप असतात, किंवा तुम्ही असता.

सप्टेंबरातला तो रविवार. तुम्ही पावसातून तिरक्या तिरक्या चालत आलात आणि काचेवर टकटक केलीत. मला वाटलं, आता विचारपूस होणार. "कशी आहेस गं, वाईट वाटलं बातम्या वाचून," वगैरे. त्याची उत्तरंही मी तयार ठेवली होती, एव्हाना पाठ झाली होती. मी काच दोन बोटं खाली केली. तुम्ही त्या फटीतून विचारलंत, "मोकळी आहेस का? त्या टोकाला एक माणूस कमी आहे."

आणि कोट आत ढकललात.

मी म्हटलं, मला नियम येत नाहीत. तुम्ही म्हणालात, "कुणालाच येत नाहीत." कोट कुणातरी सहाफुटी बाप्याचा असणार. बाह्या माझ्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. मैदान ओलांडताना तुम्ही चालता चालताच माझी एक बाही दुमडलीत, दोन घड्या, मग पलीकडून येऊन दुसरी. तोंडाने चालूच होतं: वाइड, म्हणजे चेंडू खांबांबाहेरून, गेला तर डोक्यावर हातांची फुली, पंचेचाळीस (बचाव करणारीच्या हातून चेंडू मागच्या रेषेपार गेल्यावर मिळणारा फटका) असेल तर एक हात वर, आणि झेंडा उचललास की उचललास, परत खाली घ्यायचा नाही. शाळेत निघालेल्या पोरीच्या बाह्या दुमडतात तशा दुमडल्यात तुम्ही, काकू. माझ्या बाह्या शेवटच्या कुणी दुमडल्या होत्या मला आठवत नाही. नऊ वर्षं या देशात मी दुसऱ्यांच्या बाह्या दुमडते, बटणं लावते, मोजे चढवते. तोच माझा धंदा आहे.

माझी आई म्हणायची, लग्नघरात पाहुण्याला चहा देतात, घरच्याला काम सांगतात. त्या दोन महिन्यांत मला पुष्कळ जणांनी चहा दिला. काम तुम्ही एकटीने सांगितलंत.

आणि मग ते वाइड! उत्तरार्धात बाजू बदलल्या, आपल्या मुली आपण दोघी उभ्या होतो त्या गोलवर चाल करून येऊ लागल्या. आपण एका गुणाने मागे. आपल्या एका मुलीने उजवीकडून उंच चेंडू मारला, तो नेमका माझ्या खांबाच्या बाजूला. खांबाच्या बाहेरून गेला, वीतभर बाहेरून. मी पाहिला. कडेने आपलीच माणसं "गुण! गुण!" ओरडायला लागली. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही तुमच्या खांबाशी शांत. म्हणालात, "तुझा खांब, तुझा निर्णय."

मी डोक्यावर हातांची फुली केली.

कडेवरून एक बाबा ओरडले, डोळे तपासून घे म्हणून. आपल्याच संघातले. माझ्या पोटात गोळा आला, कारण अशा वाक्याला शेपूट कुठलं जोडलं जातं ते मला या देशात ऐकून माहीत आहे. शेपूट यायच्या आत तुम्ही वळलात आणि तुमच्या त्या बारीक आवाजात विचारलंत, "कोट घालायचाय का तुला? ये." बस्स. गृहस्थ टोपी खाली ओढून आपल्या चहात बघू लागले. तुम्ही ना "असं बोलू नये" म्हणालात, ना माझ्या वतीने भाषण दिलंत. कुठल्याही अंपायरवर ओरडणाऱ्याला जे ऐकवलं असतंत तेच ऐकवलंत. त्यामुळे त्या दिवशी मला निव्वळ अंपायर म्हणून शिव्या खायला मिळाल्या. किती बरं वाटलं हे इंग्रजीत कसं सांगणार होते मी?

(पुढे समोरच्यांनी आणखी एक गोल मारला आणि आपण चार गुणांनी हरलो. माझ्या वाइडचं मग कुणाला काही राहिलं नाही. देव पावला.)

घरी येताना लेक मागच्या सीटवरून म्हणाली, "आई, तो वाइडच होता." एवढंच. मिरजेला मी शाळेत खो-खो खेळायचे, पाठीवर थाप पडून "खो" ऐकलं की अंगात वीज भरायची. गाडीत बसलेल्या मला तुम्ही काचेतून खो दिलात, असं मी तिला सांगायला गेले. तिने फार लक्ष दिलं नाही, तिला भूक लागली होती.

तेव्हापासून मी तुमच्याकडे नीट बघायला लागले. जाळ्या तुम्ही बांधता. लॉटोची तिकिटं विकता. सामन्याची वेळ शनिवारी रात्री बदलली तर ग्रुपवर टाकून मोकळ्या होत नाही, रात्रपाळीवाल्यांना वेगळा मेसेज करता, कारण आम्ही ग्रुप सकाळी बघतो हे तुम्ही कधीतरी लक्षात ठेवलंय. चीजच्या सँडविचवर उलटी बशी झाकून ठेवता, हॅमवाल्या बशीपासून लांब. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात 82,300 माणसांसमोर खेळणाऱ्यांनाही या खेळात पगार नसतो, सोमवारी ते आपापल्या कामावर जातात, हे मला नवऱ्याने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा खोटं वाटलं होतं. 1884 साली थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात मूठभर माणसांनी सुरू केलेली हर्लिंग-फुटबॉलची संघटना अजून अशी कशी चालते, तेही कळायचं नाही. आता कळतं. तुम्ही मला तो आयरिश शब्द सांगितला होतात, मेहल, एकाच्या शेतावर सगळ्या शेजाऱ्यांनी राबायचं आणि मग दुसऱ्याच्या. आमच्याकडे त्याला इर्जिक म्हणतात, कुठे सावड म्हणतात. माझ्या आजोबांनी केलेली आहे. शब्द अर्ध्या जगापलीकडचा, पण पाठीला लागणारी कळ तीच.

आयर्लंड चांगलं की वाईट, असं हल्ली मिरजेहून फोनवर सारखं विचारतात. मला देशाचं काही सांगता येत नाही. टॅलामध्ये त्या माणसाच्या मदतीला धावून आलेली बाईही इथलीच होती. चांगुलपणा मला नेहमी असा सुटासुटाच भेटला, एकेका माणसापाशी. संस्थेने पोस्टरवर काढलेला माझ्या तरी कधी हाती लागला नाही.

आता एक कबुली. कोट माझ्याकडेच आहे. गेल्या सामन्याला चहाबरोबर बटाटेवडे आणले होते, ते वाटताना उजव्या बाहीला, तुम्ही दुमडता तिथेच, हळदीचा पिवळा डाग पडलाय. दोनदा धुतला, निघत नाही. हळदीचा डाग उन्हात टाकला की आपोआप उडतो, पण ऑक्टोबरच्या किल्डेअरमध्ये ऊन कुठून आणू? खिडकीत टांगून ठेवलाय. रविवारपर्यंत जेवढा उडेल तेवढा उडेल, तसाच घालून येते.

तुमची,
त्या टोकाच्या खांबाशी उभी राहणारी