तुझ्या कट्यारीचं वय

पंचवटी, नाशिक

प्रिय बाळ्या,

तुझी कट्यार माझ्याकडे सुखरूप आहे. इथल्या जुन्या बाजारात एकानं ती लांबूनच बघितली आणि "शिवकालीन!" म्हणून मोकळा झाला. नाशकात गंजलेलं पातं शिवकालीनच असतं, त्यामुळे त्याचं सोड. ही कट्यार पानिपतावर होती, ही तुमच्या घरातली गोष्टही जरा बाजूला ठेव.

मला विचारशील तर मूठ एकीकडची आणि पातं भलतीकडचं. मूठ दख्खनी आहे. धरणाऱ्याच्या बोटांवर येणारी ती शिंपल्यासारखी फुगीर ढाल, ही सोळाव्या-सतराव्या शतकातल्या दक्षिणी कट्यारींची खूण. तंजावरच्या शस्त्रागारात असल्या पुष्कळ होत्या. 1855 मध्ये ते राज्य खालसा झालं आणि पुढे हत्यारं जगभर पांगली. मोगली कट्यारीला अशी ढाल सहसा नसते. तिचा तोरा सोन्याच्या कोफ्तगिरीचा, म्हणजे लोखंडावर सोन्याची तार ठोकून केलेल्या नक्षीचा.

पातं मात्र फिरंगी. आलास की भिंगातून बघ. टोकापर्यंत एकसारखं पातळ, मधोमध उथळ पन्हळी. आपला लोहार कट्यारीचं टोक बहुधा जाड ठेवायचा, चिलखताच्या कड्या फुटाव्यात म्हणून. युरोपातल्या तलवारींची पाती तेव्हा बंदरांतून भरपूर यायची, आणि मोडलेल्या तुकड्याची कट्यार व्हायची. तांबट लेनमधल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं रिव्हेटांवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाला, "हाताची ठोकणी आहे. एक टोपी दुसरीसारखी नाही." वेल्डिंग नाही, ग्राइंडरचा ओरखडा नाही. एक रिव्हेट तेवढी पितळी, ती मागाहूनची डागडुजी.

म्हणजे 1761 साली ही बाई शंभरीला टेकलेली असणार. पानिपतावर कुणाच्या कमरेला होती, ते लोखंड काही सांगत नाही. काकांना हे तूच सांग, मी नाही!

घासून लखलखीत करायचा बेत मात्र रद्द कर. लिंबू, चिंच, पॉलिश पेपर काही नको. तो काळपट थर गेला की वय ओळखायचा निम्मा पुरावा गेला. मऊ फडक्यानं मशीनच्या तेलाचा हात फिरवला की पुरे. आणि अमेरिकेतल्या भाच्याला द्यायचं म्हणतोस, ते जमणार नाही. 1972 च्या पुरावशेष कायद्यानं शंभर वर्षांवरची अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

माळ्यावर म्यान सापडलं तर येताना आण. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिन्या