सही करून गेले त्यांनाही तेवढेच पॉइंट

मा. संपादक,
स.न.

दर दहा वर्षांनी डॉक्टरांची लेखी परीक्षा घ्या, असे सांगणारा लेख काल आपल्या अंकात वाचला. लेखकाची तळमळ मान्य आहे, पण अमेरिकेचा दाखला अर्धाच दिला. तिथल्या फिजिशियनना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकन बोर्ड ऑफ इंटर्नल मेडिसिनने १९९० पासून प्रमाणपत्राला दहा वर्षांची मुदत घातली आणि ते टिकवायला पुन्हा परीक्षा ठेवली हे खरे. त्या परीक्षेवर तिथल्याच डॉक्टरांनी सडकून टीका केली. २०२२ पासून त्याच बोर्डाने दुसरी वाटही खुली केली आहे: दर तिमाहीला ३० प्रश्न, घरी बसून, पुस्तक उघडून, एका प्रश्नाला चार मिनिटे. उत्तर चुकले तर का चुकले ते तिथल्या तिथे कळते. निकाल पाच वर्षांच्या उत्तरांवर लागतो.

आपल्याकडे नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात आणि ते सीएमईला, म्हणजे डॉक्टरांचे ज्ञान ताजे ठेवण्यासाठीच्या व्याख्यानसत्राला, नुसते हजर राहून मिळतात. गेल्या पावसाळ्यात ओपीडी बंद ठेवून मी अशा एका सीएमईला गेलो, ते केवळ सर्पदंशावरच्या व्याख्यानासाठी. सकाळी सह्या झाल्या, जेवणानंतर निम्मे सभागृह रिकामे. प्रायोजक कंपनीच्या नव्या गोळीवरचे सत्र लांबले, म्हणून सर्पदंश पंधरा मिनिटांत उरकायला सांगितला. मण्यार चावल्याची खूण अनेकदा दिसतही नाही. माणूस पहाटे पोट दुखते म्हणून येतो. पापण्या मिटायला लागलेल्या अशा पेशंटला मोठ्या रुग्णालयात हलवण्याआधी श्वासासाठी घशातून नळी घालायची की नाही, हा माझा प्रश्न होता. तो विचारायला वेळच मिळाला नाही. सही करून गेलेल्यांना आणि मला पॉइंट मात्र सारखेच!

दहा वर्षांनी पेपर ठेवलात तर डॉक्टर त्या वर्षी क्लास लावतील, पास होतील आणि विसरतील. त्यापेक्षा सर्पदंश, लेप्टोस्पायरोसिस, डेंगीत सलाइन किती द्यायचे, असे थोडे प्रश्न वरचेवर विचारा आणि चुकलेले समजावून सांगा. मी आनंदाने सोडवीन.

जाता जाता आणखी एक. त्याच पानावर खाली मधुमेह मुळापासून बरा करणाऱ्या औषधाची जाहिरात आहे. अशा जाहिरातीला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. अशीच जाहिरात वाचून माझ्या एका पेशंटने इन्सुलिन सोडले आणि त्याला बेशुद्धावस्थेत माझ्याकडे आणावे लागले. कृपया ती छापणे थांबवा.

– एक फिजिशियन, चिपळूण