मामा, त्या मेथीच्या रबराबद्दल

मामा, नमस्कार.

सायकलला नवा शॉकप, म्हणजे पुढच्या चाकाचे दणके पिणारा फोर्क, बसवून दिला, पैसे दिले, पावती झाली, विषय मिटला, असं तुम्ही म्हणाल. मिटलेला नाही. रविवारी पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर सायकल घेऊन गेले होते. जांभ्याचा तो खडबडीत पट्टा ओलांडून खाली आले, सायकल झाडाला टेकवली, पाण्याची बाटली काढली आणि लक्षात आलं, झाकण मी एका पिळ्यात उघडलं. एरवी तिथं पोचेपर्यंत बोटांना इतक्या मुंग्या आलेल्या असायच्या की झाकण दातांनी उघडावं लागायचं. बारा वर्षं. मी तिथंच बसून थोडी रडले. हे घरी सांगितलेलं नाही.

पुढचा शॉकप बदलायचा होता हे नक्की होतं. पावसाळ्यामागून पावसाळे खाऊन त्याच्या नळ्यांवर गंजाचे खड्डे पडले होते, त्यांनी आतली सीलं कातरली होती आणि ब्रेक दाबला की हँडलमध्ये टकटक व्हायची. नवा कुठला घ्यायचा, तेवढंच कळत नव्हतं. तुमच्याआधी ज्यांना विचारलं त्यांची गंमत तुम्हाला सांगायची राहिलीच.

सायकलींच्या एका चकचकीत, काचा लावलेल्या दुकानात माझ्याशी कुणी बोललंच नाही. बोलले ते माझ्या अकरावीतल्या मुलाशी, जो नुसता सोबत आला होता. सायकल २०१२ ची, चाकं २६ इंची, म्हटल्यावर त्याला म्हणाले, "सव्वीस आता कोण वापरतं? आईला नवी घेऊन दे." त्याच्या खिशात तेव्हा वडापावपुरते पैसे होते. आता साडेसत्तावीस आणि एकोणतीस इंची चाकांचं राज्य आहे, मान्य. पण फ्रेम ठणठणीत असताना अख्खी सायकल भंगारात का घालायची?

दुसरे दुकानदार फार गोड बोलायचे. "बसतंय की!" म्हणाले आणि १४० मिलिमीटर ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढा दबू शकणारा, फोर्क मागवून दिला, ज्याचा हँडलकडं जाणारा दांडा खाली दीड इंचापर्यंत फुगत जातो. माझ्या फ्रेमचा गळा जुन्या पद्धतीचा, त्यात २८.६ मिलिमीटरचा सरळ दांडाच जातो. त्यांनी हातोडी शोधायला घेतली तेव्हा मी सायकल उचलून घरी आणली. बरं, बसला असता तरी सायकलचं नाक चार सेंटिमीटर वर गेलं असतं, हँडल दोनेक अंशांनी मागं कललं असतं आणि चढावर पुढचं चाक भरकटलं असतं. हे नंतर तुमच्याकडून कळलं. त्यांनी सांगितलं ते एवढंच, की परत पाठवायच्या कुरिअरचे पैसे माझे.

तुम्हीही मापं घेतलीत. चाक, दांडा, एक्सल, डिस्कची बैठक, सगळं. मग चिंधीला हात पुसत म्हणालात, "ताई, एक विचारतो, राग मानू नका. वजन किती तुमचं?"

"एक्कावन्न."

तुम्ही माझ्या जुन्या शॉकपवर दोन्ही हातांनी भार दिलात आणि मान हलवलीत. "ह्यो तुमच्यासाठी शॉकप नव्हताच. दांडकं होतं नुसतं."

मामा, मी ब्लाउज शिवते. "राग मानू नका" म्हणत मीही रोज बायकांना मापं विचारते. आणि मला बारा वर्षांत कळलं नाही, की मी दुसऱ्याच्या मापाचं वापरतेय! आतली स्प्रिंग माझ्याहून कितीतरी जड माणसाच्या हिशेबाची. ती माझ्या भारानं दबायचीच नाही, म्हणून पठाराचा एकेक दगड मनगटांनी झेलला. सोमवारी सुईत दोरा ओवता यायचा नाही. घरचे म्हणाले, वय झालं. ग्रुपमधले म्हणाले, ताकद वाढवा. एकानं जाड हातमोजे दिले. वजन कुणीच विचारलं नाही.

हवेवरचा घ्या, म्हणालात, जुन्याइतकाच, १०० मिलिमीटरचा; हवा कमी-जास्त करून तुमच्या वजनाला जुळवता येतो. तीन आठवड्यांनी तो आला. ते सगळं सोडा, मला सांगायचंय ते पुढचं. तुम्ही मला पाठीवर पिशवी अडकवून, बाटली भरून सायकलवर बसायला लावलंत. पोऱ्यानं मागून धरली. नुसतं बसल्यावर शॉकप किती दबतो ते बघायचं होतं आणि त्यासाठी नळीवर खूण हवी होती. फोर्कबरोबर खुणेची कडी आली नव्हती. तुम्ही इकडंतिकडं पाहिलंत, खिळ्याला घरी न्यायची मेथीची जुडी टांगली होती तिचा रबर सोडवलात आणि नळीला गुंडाळलात; शॉकप दबेल तितका तो सरकून राहतो. मी बसले, उतरले. तुम्ही पट्टी लावलीत. "पंधराच. हवा जास्त हाय." थोडी सोडलीत. परत बसा. परत उतरा. चौथ्या खेपेला रबर पंचवीस मिलिमीटरवर थांबला, तेव्हा तुम्ही उठलात. तोवर मेथी सगळी बाकड्यावर पसरली होती. मामींना त्या दिवशी निवडायला सुटी भाजी मिळाली असणार. माझा नमस्कार सांगा.

तो रबर किती किमतीचा होता? मी हल्ली जिथं जाते तिथं हेच बघते. डॉक्टर असो, शिक्षक असो, काउंटरवरचा माणूस असो, समोरच्याला आधी काही विचारतो की आपलंच सुरू करतो. विचारणारे आहेत, मामा. काचेमागं कमी दिसतात, एवढंच.

आणि एक. दांडा कापताना तुम्ही एक सेंटिमीटर जादा ठेवलात आणि वर रिंगा चढवून दिल्यात. पुढं हँडल वर घ्यावंसं वाटलं तर असू दे, म्हणालात. आमच्यात शिलाईच्या आत जादा कापड ठेवतात, त्याला माया सोडणं म्हणतात. लोखंडाला माया सोडलेली मी पहिल्यांदा पाहिली.

रबर गेल्या आठवड्यात उन्हानं तुटला. आता कोथिंबिरीचा लावलाय. रविवारी तो शंभरातल्या ऐंशीच्या पुढं सरकला होता, म्हणजे शॉकप चांगला दबतोय ना? पुढच्या महिन्यात तेल बदलायला येते तेव्हा बघा. येताना मेथी आणते, दोन जुड्या.