उरले 190 किलो

प्रिय नाना,

सप्रेम नमस्कार.

नवी गाडी, म्हणजे आतच राहायची-झोपायची सोय असलेली कॅम्परव्हॅन, आली, हे तुला शरूकडून एव्हाना कळलेच असेल, कारण तिच्या पोटात बातमी राहत नाही. फोटोही तिने पाठवले असतील, तेव्हा रंगाचे, पडद्यांचे आणि गाद्यांचे वर्णन मी करत बसत नाही. फोटोत जे दिसत नाही, ते लिहायला बसलो आहे. परवा गाडी वजनकाट्यावर नेली आणि हातात आलेल्या पावतीने माझी झोप उडवली. हिला सांगितले तर म्हणाली, "मग सामान कमी करा." तात्याला सांगितले तर तो नुसता हसला. यातली खोच कळेल असा माणूस तू एकटाच आहेस. शिवाय पावतीवरच्या आकड्यांशी तुझा अगदी प्रत्यक्ष संबंध आहे, तो पुढे येईलच.

प्रकृतीचे म्हणशील तर माझा रक्तदाब गोळ्यांवर ठीक आहे आणि हिचे गुडघे होते तसेच आहेत.

आता मूळ गोष्ट. माणसे, पाणी, गॅस, डिझेल आणि सामान असे सगळे धरून या गाडीचे वजन 3500 किलोंच्या वर जाता कामा नये. युरोपीय नियमांत साध्या मोटारीच्या परवान्याची हद्द तिथे संपते, म्हणून तिकडे बनणाऱ्या बहुतेक कॅम्परव्हॅन याच आकड्याखाली बसवलेल्या असतात. माहितीपत्रकात तयार गाडीचे वजन 2890 किलो छापलेले आहे, आणि ते वाचून कुणालाही वाटेल की उरलेले 610 किलो आपलेच. पण त्या 2890 मध्ये चालक 75 किलोंचा धरलेला असतो, डिझेलची टाकी 90 टक्के भरलेली असते आणि पाणी मात्र बनवणारा ठरवेल तेवढेच, आमच्या बाबतीत 100 लिटरच्या टाकीत जेमतेम 20 लिटर. त्यातही प्रत्यक्ष गाडी छापील वजनापेक्षा 5 टक्के जड निघाली तरी नियमाला ते मान्य आहे, आणि 2890 चे 5 टक्के म्हणजे जवळजवळ 145 किलो होतात. हे सगळे मी विक्रेत्यापुढे मांडले होते. त्यावर "साहेब, एवढा विचार कुणी करत नाही," असे म्हणून त्याने मला खिडक्यांच्या जाळ्या उघडून-मिटून दाखवल्या.

म्हणून मी काट्यावर गेलो. टाक्या काठोकाठ भरल्या, अंथरुणे, भांडी, दोऱ्या, खुर्च्या असे नेहमीचे सामान चढवले आणि हिला आत बसवून ठेवले. काट्यावरच्या माणसाने खिडकीतून डोके काढून "माल काय?" असे विचारले, तेव्हा ही आतून म्हणाली, "मीच." आधी फक्त पुढची चाके पट्टीवर घेतली, मग अख्खी गाडी, मग फक्त मागची चाके, कारण प्रत्येक ॲक्सलची, म्हणजे चाकांची जोडी धरणाऱ्या आसाची, मर्यादा वेगळी असते आणि एकूण वजन बसले तरी मागची ॲक्सल ओझ्याने वाकलेली असू शकते. पावतीवर आकडा आला 3310. म्हणजे उरले 190 किलो. मागच्या ॲक्सलवर तर 2000 च्या मर्यादेपैकी फक्त 120 उरले.

190 किलो, नाना, आणि गाडी चौघांची. चार आसनांना पट्टे आहेत, चार जणांची झोपायची सोय आहे, आणि हीच गाडी का घेतली याचे मी हिला दिलेले एकमेव प्रामाणिक कारण "ते दोघे येतील" हेच होते. जुन्या गाडीत वाकून वावरायला लागायचे, रात्री उठायचे तर आधी तीन जणांना उठवायला लागायचे, आणि हे आपल्या गुडघ्यांना व वहिनींच्या पाठीला आता झेपणारे नाही, हे गेल्या सहलीत आपण सगळ्यांनी न बोलता कबूल केले होते. या गाडीत मी ताठ उभा राहतो, तूही राहशील. पण माणशी 75 किलो धरून तुम्हा दोघांचे 150 होतात आणि मग तुमच्या बॅगा, बूट, तुझी ती दुर्बीण आणि वहिनींची शिवणाची पेटी यांना मिळून 40 किलो राहतात. शिवाय ते 75 तुझ्या बाबतीत कितपत खरे आहे, हे तुझ्या पट्ट्याच्या भोकांना ठाऊक. कृपा करून खरे वजन कळव, लग्नातले नको.

गंमत अशी की त्या जुन्या डब्यात जागा नव्हती, पण वजनाची मुभा याच्या दुपटीहून जास्त होती. आत बसले ते चालले, असा आपला साधा हिशेब होता. आता कपाटे इतकी आहेत की दोन अजून रिकामी आहेत, आणि ती भरायची परवानगी नाही. उंच छत, न्हाणीघर, हीटर, मोठा फ्रीज, बाजूला उघडणारे कापडी छत, एकेकाने आपला वाटा खाल्ला आहे. त्यातल्या त्यात वजन घटले ते बॅटरीत. शिशाच्या दोन बॅटऱ्या मिळून 50 किलोंच्या वर जात आणि त्यांची निम्मी वीज वापरली की थांबावे लागे. त्यांच्या जागी लिथियम-लोह-फॉस्फेटची 100 ॲम्पिअर-तासांची एकच बॅटरी आहे, ती बारा-तेरा किलोंची आहे आणि तिची 80 ते 90 टक्के वीज बिनधास्त वापरता येते. फक्त शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते, म्हणून ती आत, बैठकीखाली, उबेत ठेवली आहे. तुझ्या शब्दांत सांगायचे तर आमची बॅटरी आमच्यापेक्षा बऱ्या जागी झोपते.

उबेवरून आठवले, शेगडीच्या गॅसचे, म्हणजे ब्युटेनचे, भांडण अजून मिटलेले नाही. ब्युटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचे थांबते आणि प्रोपेन उणे 42 पर्यंत चालते, हे मी निघण्यापूर्वी सांगितले होते, आणि तरीही तू ब्युटेनची डबडी आणलीस. पहाटे शेगडी पेटेना तेव्हा तू ती डबडी झोपण्याच्या पिशवीत घेऊन तासभर पडून राहिलास आणि "पेटली की नाही?" असे विजयी मुद्रेने विचारलेस. पेटली होती, हे खरे. पण म्हणून ब्युटेन बरोबर ठरत नाही. नव्या गाडीत प्रोपेन आहे.

तू म्हणशील, कागदोपत्री मर्यादा वाढवून घे. तसे करता येते, काही सांगाड्यांना फारसा बदल न करता 3500 च्या वरचे वजन मंजूर होते. पण मग परवाना वरच्या वर्गाचा लागतो, कुठे टोल बदलतो, कुठे वेगाची मर्यादा बदलते, आणि मागच्या ॲक्सलच्या टायरांची व स्प्रिंगांची ताकद कागदाने वाढत नाही. आपण दोघे आळीपाळीने चालवणार. या वयात तू वरच्या परवान्याची परीक्षा देशील आणि उतारावर गाडी मागे नेताना परीक्षकाला मार्ग समजावून सांगशील, हे चित्र मला नको आहे. नियमाकडे काणाडोळा करून निघावे, असे तात्याचे मत आहे. जास्त भाराने टायर तापतात, ब्रेक लागून गाडी थांबायला जास्त अंतर घेते, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न वजनाचा विचारते. तात्याला हे सांगितल्यावर तो पुन्हा हसला.

तेव्हा मी वही घेऊन बसलो. पहिला बळी पाण्याचा. एक लिटर म्हणजे एक किलो, मग 100 लिटर पाणी रस्त्याने हिंडवायचे कशाला? 20 लिटर घेऊन निघावे आणि मुक्कामाला पोचल्यावर टाकी भरावी, की 80 किलो सुटतात. दुसरा बळी सायकलींचा. सायकली आणि त्यांची चौकट मिळून 50 किलो होतात, पण त्या टांगतात मागच्या ॲक्सलच्या सुमारे दोन मीटर मागे, आणि दोन ॲक्सलमधले अंतर चार मीटर आहे. त्यामुळे मागच्या ॲक्सलवर 50 चे 75 पडतात आणि पुढची चाके 25 किलोंनी हलकी होतात, म्हणजे स्टिअरिंगची पकडही तेवढी सुटते. सायकली घरी राहतील. हिने ओतीव लोखंडाचा तवा स्वतःहून खाली उतरवला, आणि ते पाहून मी माझ्या हत्यारांच्या पेटीतले निम्मे पाने काढले. उरलेली निम्मी तू असताना लागतातच.

आता अडकलो आहे तो आपल्या तंबूपाशी. तो 30 किलोंचा आहे, खांब आणि खुंट्या धरून, आणि भिजला की किती होतो हे तुझ्या खांद्याला माहीत आहे. चौघांना आत झोपायची सोय असताना तो नेण्यात काही अर्थ नाही, असे वही सांगते. पण तो अर्धा तुझा आहे, आणि वरून खाली येणाऱ्या पलंगावर तू झोपशील याची मला खात्री नाही. तुझे घोरणे आत कोंडले तर काय होईल हा प्रश्न मी हिच्यासमोर काढलेलाच नाही. शिवाय गरजेचे सगळे एका पेटीत मावले पाहिजे, हा तुझा जुना हट्ट मला रोज आठवतो आहे. 1951 साली वेस्टफालियाने फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये बसवायला काढलेल्या त्या पेटीचा दाखला तू प्रत्येक वादात द्यायचास. आठवडाभर व्हॅन मालवाहतुकीला, सुटीला पेटी आत ठेवली की घर तयार. मी त्या वेळी तुला अडाणी म्हणालो होतो. आज मी किलोकिलोने तुझ्याच पेटीकडे चाललो आहे, पण ते तुझ्यासमोर मान्य करणार नाही.

माझा हिशेब असा आहे. पाणी कमी केले की 190 चे 270 होतात. त्यातून तुम्ही दोघे गेलात की 120, तुमचे सामान 40 किलोंत बसवलेत की 80, आणि तंबू घेतला तरी 50 उरतात. फक्त तो डिकीत ठेवायचा नाही, मधल्या जमिनीवर, बैठकीच्या पायाशी ठेवायचा, म्हणजे मागच्या ॲक्सलवर पूर्ण येणार नाही. पाय ठेवायला अडचण होईल, ती तुझ्या बाजूला होऊ दे. म्हणजे तंबू नेता येतो. न्यायचा का, हे तू ठरव. तू नको म्हणालास तर मी तो विकणार नाही, वाळवून शरूच्या माळ्यावर ठेवीन. मात्र तंबू नको म्हणून तुम्हीही नको, असे उलटे गणित मांडू नकोस. सामानातले काहीही उतरवायला मी तयार आहे, पण मागची दोन आसने रिकामी घेऊन मला कुठेही जायचे नाही.

धाकट्याला नोकरी लागली, फार आनंद झाला, त्याला अभिनंदन सांग. छताचे काम संपले का? वहिनींनी पाठीचे व्यायाम सोडलेले नाहीत ना?

उलट टपाली तीन गोष्टी कळव: दोघांची वजने, सामानाची यादी आणि तंबूचा निकाल. निघण्याच्या आदल्या दिवशी गाडी पुन्हा काट्यावर न्यायची आहे, तेव्हा तुम्ही दोघे थेट तिथेच या. त्या माणसाला या वेळी माल पुरता दाखवू.

तुझा,
बंडू

ता. क. शौचालयाची कॅसेट, म्हणजे खालची मैल्याची टाकी, रिकामी करण्याची पाळी चिठ्ठ्या टाकून ठरवायची. नाणेफेक होणार नाही. मागचे नाणे तुझ्या खिशातले होते, हे मी विसरलेलो नाही.