भिंतीवर समतेचे धोरण, नोंदवहीत 'किरकोळ वाद'

महोदय,

इंग्लंडमधील शाळा वांशिक समता आणि सामाजिक एकोपा कसा रुजवतात याविषयीचा आपल्या रविवारच्या पुरवणीतील लेख काल वाचला आणि तेव्हापासून जी चडफड सुरू आहे ती कागदावर उतरवल्याशिवाय शमणार नाही, म्हणून हे पत्र. लेखिकेने प्रवेशद्वाराजवळ काचेच्या चौकटीत लावलेले धोरण पाहिले, निरनिराळ्या लिप्यांतले 'सुस्वागतम्' पाहिले, दिवाळीच्या असेंब्लीत कपाळाला टिकली लावून उभ्या राहिलेल्या गोऱ्या मुख्याध्यापिका पाहिल्या आणि आपल्याकडील शाळांनी यातून काय घ्यावे याचा उपदेशही केला. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु पाहुण्यांना दिवाणखाना दाखवतात, माजघर नव्हे. माझी मुलगी इंग्लंडमधल्या अशाच एका प्राथमिक शाळेत शिकते आणि पालक म्हणून मला माजघरात जावे लागले आहे.

प्रथम एक दुरुस्ती. शाळा सामाजिक एकोप्यासाठी काय करते हे सरकारी निरीक्षक तपासतात आणि त्यावर शेरा देतात, असे लेखात वर्तमानकाळात लिहिले आहे. हे वर्णन दशकाहून अधिक शिळे आहे. उत्तर इंग्लंडमधल्या शहरांत २००१ मध्ये झालेल्या वांशिक दंगली आणि त्यांची कारणे तपासणाऱ्या कँटल समितीचा अहवाल यांविषयी आपण स्वतंत्र चौकट छापली असल्याने ते पुन्हा सांगत नाही. पण त्यातून आलेल्या २००६ च्या कायद्याने सप्टेंबर २००७ पासून शाळांवर एकोप्याची जबाबदारी टाकली, पुढच्या वर्षीपासून ऑफस्टेड या शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेचे निरीक्षक तिची तपासणी करू लागले आणि २०११ च्या शिक्षण कायद्याने तो विषय त्यांच्या अहवालातून वगळला, एवढे तरी त्या चौकटीत यायला हवे होते. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या स्थानिक शाळांच्या गव्हर्नर मंडळांवर, म्हणजे शाळेच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळांवर, ती जबाबदारी कागदोपत्री आजही आहे. विचारणारा तेवढा गेला. २०१४ पासून 'ब्रिटिश मूल्ये' नावाचा एक प्रकार तपासला जातो हे खरे, पण त्याची मांडणी वेगळी आणि त्यामागची भीतीही वेगळी, कट्टरतावादाची. वर्गातल्या आठ वर्षांच्या मुलीला वर्गमित्राने काय म्हटले आणि शाळेने त्याचे पुढे काय केले हा प्रश्न त्यात कोणीही मुद्दाम विचारत नाही.

मुद्दा नेमका तोच आहे. जेवणाच्या सुट्टीत मुले हात धरून गोल करून खेळत होती. तेव्हा वर्गातल्या एका मुलाने माझ्या मुलीचा हात धरायचे नाकारले आणि 'हिचा हात धरला तर आपल्यालाही तो रंग लागेल' असे सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. गोल मोडला. दुसऱ्या बाजूच्या मुलीनेही हात सोडला. मैदानावर देखरेख करणाऱ्या बाईंनी ते वाक्य स्वतः ऐकले आणि वर्गशिक्षिकेच्या कानावर घातले, हे मला नंतर त्यांच्याकडूनच कळले. मुलीने घरी काहीच सांगितले नाही. रात्री न्हाणीघरात ती मनगट साबणाने पुन्हा पुन्हा घासताना दिसली, तेव्हा विषय निघाला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. मुख्याध्यापिका अत्यंत सुसंस्कृत आहेत. त्यांनी चहा विचारला, खेद व्यक्त केला आणि शाळेचे समतेचे धोरण छापील स्वरूपात माझ्या हाती दिले. कागद गुळगुळीत होता, मुखपृष्ठावर सर्व वर्णांची मुले हसत होती. मला धोरण नको होते, त्या दिवसाची नोंद पाहायची होती. बऱ्याच आढ्यावेढ्यांनंतर, इतर मुलांची नावे झाकून, ती दाखवण्यात आली. त्यात लिहिले होते: 'खेळताना दोन मुलांमध्ये किरकोळ वाद. दोघांनाही समज देण्यात आली.' रंगाचा उल्लेख नाही, ते वाक्य नाही, ते ऐकणाऱ्या बाईंचाही पत्ता नाही. आणि 'दोघांनाही'! जिचा हात झिडकारला गेला तिलाही समज देण्यात आली, कशाबद्दल ते मला आजतागायत कोणी सांगू शकलेले नाही. बहुधा हात पुढे केल्याबद्दल असावी.

मी त्या मुलाला शिक्षा मागितली नाही. आठ वर्षांचे पोर जे बोलते ते कुठेतरी ऐकलेले असते आणि त्याच्या पालकांशी बोलणे हे शाळेचे काम आहे. माझी मागणी एवढीच होती, की जे घडले ते जसे घडले तसे वांशिक घटना म्हणून लिहावे आणि गव्हर्नरांसमोर ठेवावे. यावर मिळालेले उत्तर असे, की त्या मुलाचा उद्देश वांशिक नव्हता, त्यामुळे घटना त्या सदरात बसत नाही.

आता हे उत्तर इंग्लंडमध्ये कोणी द्यावे हीच खरी कमाल आहे. स्टीफन लॉरेन्स या तरुणाचा एप्रिल १९९३ मध्ये लंडनमध्ये वांशिक द्वेषातून खून झाला. त्या तपासातील पोलिसांच्या ढिलाईची चौकशी करणाऱ्या मॅकफर्सन यांनी फेब्रुवारी १९९९ च्या अहवालात या प्रश्नाचा निकाल लावून टाकला होता: पीडित व्यक्तीला किंवा अन्य कोणालाही जी घटना वांशिक वाटते ती वांशिक घटना म्हणून नोंदवायची आणि मग तिची चौकशी करायची. उद्देशाचा शोध नोंदीनंतर, आधी नव्हे. त्याच अहवालात शाळांविषयी स्पष्ट शिफारस होती, की अशा सर्व घटनांची नोंद ठेवावी, ती पालकांना, गव्हर्नरांना आणि स्थानिक शिक्षण प्राधिकरणाला कळवावी आणि शाळानिहाय आकडे दरवर्षी प्रसिद्ध करावेत. पुढे वंशसंबंधांविषयीच्या कायद्यात २००० मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रत्येक शाळेला मे २००२ अखेर वांशिक समतेचे लेखी धोरण करणे भाग पडले. आपल्या लेखिकेने काचेमागच्या ज्या धोरणाचे कौतुक केले आहे त्याचे मूळ हे. धोरण लिहिणे सोपे होते, ते सर्वांनी लिहिले. आकडे प्रसिद्ध करण्याची शिफारस मात्र अंगवळणी पडलीच नाही आणि आज तर घटना कौन्सिलला, म्हणजे स्थानिक प्रशासनाला, कळवण्याचे कायदेशीर बंधनही इंग्लंडमधल्या शाळांवर नाही. २०१० च्या समता कायद्याखाली समतेची उद्दिष्टे किमान चार वर्षांतून एकदा जाहीर करावी लागतात. आमच्या शाळेचे उद्दिष्ट 'सर्वांना आपलेपणा वाटावा' असे आहे. ते साध्य झाले की नाही हे कोणत्या मापाने मोजणार, ते त्यात लिहिलेले नाही.

मुख्याध्यापिकांची अडचण मला समजत नाही असे नाही. ज्या शाळेच्या नोंदवहीत वर्षभरात डझनभर वांशिक घटना आहेत ती शाळा बाहेरून बघणाऱ्याला वाईट दिसते आणि जिथे शून्य आहेत ती आदर्श ठरते. वस्तुतः पहिल्या शाळेत कोणीतरी कान उघडे ठेवले आहेत आणि दुसरीत वही कपाटात आहे एवढाच फरक असू शकतो. शिवाय मध्यंतरी इथल्या काही वृत्तपत्रांनी, शाळा कोवळ्या मुलांवर वर्णद्वेष्टेपणाचा शिक्का मारतात असा गहजब केला होता, तेव्हापासून अनेक शिक्षकांचा हात लिहिताना आखडतो. प्रामाणिक नोंदीला शिक्षा आणि कोऱ्या पानाला शाबासकी अशी रचना असेल तर शहाणा माणूस कोरे पान ठेवील. ही गोष्ट इथल्या पत्रकारांनाही फारशी सुचत नाही, तेव्हा आपल्या लेखिकेला सुचली नाही याचा फार राग धरता येत नाही. थोडा धरते.

या प्रकरणानंतर लवकरच शाळेकडून मला एक गोड पत्र आले. दिवाळीच्या असेंब्लीसाठी मी मुलांना रांगोळी काढून दाखवावी आणि शक्य असल्यास काहीतरी 'पारंपरिक' खाऊ आणावा, अशी विनंती त्यात होती. म्हणजे रंग आता हाताला लागलेला चालणार होता. मी गेले, कारण मुलगी हट्टाला पेटली होती. त्या कार्यक्रमाचे छायाचित्र शाळेच्या वार्तापत्रात सामाजिक एकोप्याचा पुरावा म्हणून छापून आले. त्यात मी ओणवी आहे आणि माझ्याभोवती मुलांचा गोल आहे. अशा छायाचित्रांवरूनच लेख लिहिले जातात याचा अनुभव आता आला.

इथल्या शाळांत काहीच चांगले नाही असे माझे म्हणणे नाही. ब्रॅडफर्डमध्ये दोन वेगवेगळ्या वस्त्यांतल्या शाळांचे वर्ग एकमेकांशी जोडून, मुलांना वर्षभर पुन्हा पुन्हा भेटवून एकत्र काम करायला लावण्याचा उपक्रम रुजला आणि तो देशात इतरत्रही पसरला. त्यात कष्ट आहेत, बसचे भाडे आहे, दोन्हीकडच्या पालकांची नाराजी पत्करण्याची तयारी आहे. लेखात त्यावर एक ओळ आहे आणि असेंब्लीतील नृत्यावर दोन परिच्छेद आहेत. आमच्याच शाळेतल्या मैदानावरच्या त्या बाई, ज्यांना समतेचे कोणतेही प्रशिक्षण मिळालेले नाही, त्यांनी जे ऐकले ते सांगितले. धोरणाची अंमलबजावणी म्हणतात ती बहुधा हीच आणि ती त्यांनी एकटीने केली.

जाता जाता आपल्या समाजाविषयीही लिहिणे भाग आहे, कारण लेखात 'मराठी मंडळींनी तिथे समतेचा वारसा नेला' असे एक सुखद वाक्य आहे. वारसा नेला असेल. सोबत आडनावे विचारण्याची सवयही नेली. सुट्टीच्या दिवशी भरणाऱ्या मराठीच्या वर्गाबाहेर उभे राहून 'मूळ गाव कोणते, तिकडे आडनाव काय लावता' हा संवाद ऐकावा आणि उत्तरानंतर वाढदिवसाच्या निमंत्रणांची यादी कशी बदलते तेही पाहावे. हा संवाद मुले ऐकतात आणि शाळेच्या मैदानावर नेतात. ब्रिटिश सरकारनेच करून घेतलेल्या आणि डिसेंबर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इथल्या शाळांत जातीवरून होणाऱ्या छळाची उदाहरणे आढळली होती. समता कायद्यातील 'वंश' या व्याख्येत जातीचा स्पष्ट समावेश करावा असे संसदेने २०१३ मध्ये ठरवले आणि २०१८ मध्ये सरकारने त्याची गरज नाही, न्यायालयीन निवाडे पुरेसे आहेत असे सांगून माघार घेतली. त्या माघारीसाठी जोर लावणाऱ्यांत आपल्यातल्या संस्थाही होत्या. रंगावरून बोललेले वाक्य निदान मैदानावरच्या बाईंना कळले. जातीवरून बोललेले वाक्य त्यांना ऐकू आले तरी त्यात काय आहे हे कळणार नाही आणि ज्यांना कळते ते लिहून देणार नाहीत.

आणखी एक. लेखासोबतच्या छायाचित्राखाली 'ब्रिटिश मुलांमध्ये मिसळून गेलेली भारतीय मुले' अशी ओळ आहे. त्या वयाची इथली बहुतेक मुले इथेच जन्मलेली असतात, त्यांचा पासपोर्टही इथलाच असतो. ती ब्रिटिश मुलेच आहेत, त्यांना कोणामध्ये मिसळायचे आहे ते आपल्या उपसंपादकांनी कळवावे. हेच वाक्य इथल्या एखाद्या वृत्तपत्राने छापले असते तर आपण त्यावर अग्रलेख लिहिला असता.

लेखिका पुन्हा इकडे येणार असल्यास त्यांनी मुख्याध्यापिकांकडे धोरण मागू नये, ते न मागताही मिळते. मुलांची नावे झाकून गेल्या वर्षाच्या नोंदी दाखवा असे म्हणावे, त्यांतल्या किती गव्हर्नरांच्या बैठकीत वाचल्या गेल्या ते विचारावे आणि 'एकही नाही' असे अभिमानाने सांगितले गेले तर ते अभिमानासकट छापावे. निरीक्षकांविषयीच्या चुकीची दुरुस्ती आपण ठळकपणे द्याल अशी अपेक्षा आहे. माझे मागील पत्र आपण जागेअभावी निम्मे केले होते. हेही लांबले आहे याची जाणीव आहे, तेव्हा कात्री लावायचीच झाल्यास रांगोळीचा परिच्छेद कापावा, नोंदवहीचा कापू नये.

आपली,
एक नियमित वाचक
(मिडलंड्स, इंग्लंड)