रंगीत पेन्सिलीला ‘इतर’ रकाना का?

संपादक महाशय, स. न. वि. वि.

पुण्यातील एका चित्रस्पर्धेच्या अर्जात जलरंग, तैलरंग, ॲक्रिलिक आणि चारकोल असे रकाने होते. रंगीत पेन्सिलीने काढलेले माझे पेरूच्या फोडीचे चित्र मात्र ‘इतर’मध्ये गेले, आणि ‘हे बालविभागासाठी का?’ असेही मला हसत विचारण्यात आले. पेरूचा तो फिकट गुलाबी गर साधण्यासाठी पिवळसर, गुलाबी आणि किंचित हिरव्या रंगाचे पातळ थर हलक्या हाताने एकावर एक चढवावे लागतात. घाईने जोर दिला की कागदाचे खळगे बुजतात आणि पुढचा रंग धरत नाही. वरून पांढरी पेन्सिल फिरवून उजेड परत आणता येत नाही, म्हणून बियांवरची चकाकी पहिल्या दिवसापासून कोरी राखावी लागते.

रंगीत पेन्सिलीचा रंग टिकतो का, ही शंका मात्र रास्त आहे, कारण स्वस्त पेन्सिलींतील कित्येक गुलाबी-जांभळे रंग उजेडात विटतात. परंतु चित्रकारांसाठीची फाबर-कास्टेल या जर्मन कंपनीची पॉलिक्रोमोस ही रंगीत पेन्सिलींची मालिका १९०८ पासून आहे, अमेरिकेत या माध्यमाची स्वतंत्र संस्था १९९० साली स्थापन झाली, आणि अशा पेन्सिलींचा रंग उजेडात किती टिकतो हे तपासण्यासाठी ‘एएसटीएम डी ६९०१’ हे मानकही आहे. आयोजकांनी अर्जात या माध्यमाला स्वतःचा रकाना द्यावा आणि अट घालायचीच असेल, तर ती रंगाच्या टिकाऊपणाची घालावी.

– एक चित्रकार, सदाशिव पेठ, पुणे